जन्माचा हादरा आणि जडलेला हादरा: जुन्या मोटारसायकलचं व्हायब्रेशन कमी करताना

माझी ३५० सीसीची जुनी सिंगल सिलिंडर मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरपर्यंत छान चालायची. ६५ला आरशातली मागची गाडी धूसर व्हायची, फूटरेस्टमधून तळव्यांना झिणझिण्या यायच्या आणि अर्ध्या तासाने एकेक हात सोडून झटकावा लागायचा. मी आधी जाड ग्रिप बसवल्या, मग हँडलच्या टोकांना वजनं लावली. थोडा फरक पडला. खरा दोष सापडला तो पेट्रोलची टाकी उतरवल्यावर. सिलिंडर हेडला फ्रेमशी बांधून ठेवणारी एक छोटी पट्टी असते, तिला हेड स्टेडी म्हणतात. तिच्या बोल्टच्या भोकाजवळ केसासारखी चीर गेली होती. पट्टी बदलली आणि ६५चा त्रास पुष्कळ कमी झाला. पुष्कळ, पण सगळा नाही. उरला तो हादरा त्या इंजिनाचा स्वतःचा आहे, आणि कितीही पट्ट्या बदलल्या तरी तो राहणार.

जुन्या गाडीच्या व्हायब्रेशनचं सगळं कोडं मला या फरकात दिसतं. एक हादरा जन्माचा असतो, म्हणजे इंजिनाच्या रचनेतच असलेला. दुसरा जडलेला असतो: झिजेने, सैल बोल्टने, चुकलेल्या टायमिंगने किंवा कुणीतरी घाईत केलेल्या दुरुस्तीने आलेला. जडलेला हादरा पूर्ण घालवता येतो. जन्माचा फक्त वळवता, थोपवता किंवा टाळता येतो. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, म्हणून आधी जन्माचा हादरा येतो कुठून ते बघू.

पिस्टनचं वजन आणि पिस्टनचा जोर

पिस्टन वर जातो, टोकाला क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला ४००० फेरे म्हणजे ४००० आरपीएमला हे थांबणं सेकंदाला १३३ वेळा होतं. दर वेळी त्याला अडवून उलट पाठवायला जोर लागतो, आणि तो जोर क्रँकच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगांमधून इंजिनाच्या केसिंगला आणि तिथून फ्रेमला बसतो.

किती जोर? जुन्या बुलेट ३५०चं माप घेऊ: बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ९० मिमी. पिस्टन, रिंगा, पिन आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून वर-खाली होणारं वजन हिशेबापुरतं अर्धा किलो धरलं, तर ४००० आरपीएमला टोकाशी तो जोर साधारण ४०० किलो वजनाएवढा होतो. अर्ध्या किलोच्या ऐवजाचे ४०० किलो! २००० आरपीएमला तोच जोर १०० किलोवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो: फेरे दुप्पट, तर जोर चौपट. आरामात चालणारी गाडी थोडा वेग वाढवताच एकदम नको वाटायला लागते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मग याच्या विरुद्ध बाजूला तेवढंच वजन का लावत नाहीत? लावतात. क्रँकच्या चाकांवर, रॉड जिथे जोडलेला असतो त्या क्रँकपिनच्या समोरच्या बाजूला, जे जाड वजन असतं, ते यासाठीच. पण इथे एक अडचण आहे आणि ती समजली की निम्मा विषय समजला. पिस्टन फक्त वर-खाली करतो, तर क्रँकचं वजन गोल फिरतं. पिस्टन वर असताना वजन खाली असतं, तेव्हा दोघांची फिटंफाट होते. पण क्रँक पाव फेरा फिरला की वजन आडव्या दिशेला बाहेर येतं, आणि त्या दिशेला त्याला उत्तर द्यायला कुणीच नसतं. वर-खाली होणाऱ्या वजनाचा पूर्ण तोल क्रँकवर साधला, तर उभा हादरा जातो आणि तेवढाच आडवा हादरा तयार होतो. निम्मा साधला, तर उभा आणि आडवा दोन्ही निम्मे उरतात.

यातला किती हिस्सा तोलायचा हे टक्क्यांत सांगतात, त्याला बॅलन्स फॅक्टर म्हणतात. सिंगल सिलिंडरमध्ये तो १०० टक्के ठेवून हादरा संपत नाही आणि ५० टक्के ठेवूनही संपत नाही. फ्रेम कोणत्या दिशेचा हादरा जास्त सहन करते, गाडी सहसा किती वेगाने चालवली जाणार, इंजिन सरळ उभं आहे की पुढे कललेलं, हे पाहून रचनाकार तो आकडा ठरवतो. म्हणूनच एका फ्रेममध्ये गुण्यागोविंदाने चालणारं इंजिन दुसऱ्या फ्रेममध्ये बसवलं की भलतंच थरथरतं. इंजिन तेच असतं, फक्त ते ज्याला हलवतं तो सांगाडा बदललेला असतो.

दुसरा, बारीक हादरा वेगळाच आहे. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे पिस्टनची वरच्या अर्ध्यातली आणि खालच्या अर्ध्यातली चाल सारखी नसते. रॉडची लांबी १८० मिमी धरा. क्रँक वरून पाव फेरा फिरला की पिस्टन ९० मिमीपैकी ४५ नव्हे, जवळपास ५१ मिमी खाली आलेला असतो. या असमान चालीतून एका फेऱ्यात दोनदा येणारा हादरा तयार होतो. पहिल्याला प्रायमरी आणि याला सेकंडरी म्हणतात. या मापात तो प्रायमरीच्या पाव भागाएवढा असतो, पण दुप्पट जलद. हातापायांना मुंग्या आणणारी जी बारीक झिणझिण असते, तिच्यात याचा वाटा मोठा.

दोन, चार सिलिंडर झाले तर

एडवर्ड टर्नरने रचलेली ट्रायम्फ स्पीड ट्विन १९३८च्या हंगामासाठी आली आणि शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेल्या ब्रिटिश मोटारसायकलींची मोठी परंपरा तिच्यामागून सुरू झाली. त्यांच्यात दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात. सिलिंडर आलटून पालटून पेटतात, त्यामुळे इंजिनाची ताकद एकसारखी मिळते, पण तोलाच्या दृष्टीने तो दोन तुकड्यांत कापलेला एक मोठा सिंगलच. ५०० सीसीला हे खपून गेलं. ६५० आणि पुढे ७५० सीसी झाल्यावर, आरपीएमही वाढल्यावर, त्याची किंमत चालवणाऱ्याच्या हातांनी आणि दिव्यांच्या फिलामेंटांनी मोजली.

एक पिस्टन वर आणि एक खाली ठेवला, तर उभे धक्के एकमेकांना खातात, पण ते एका रेषेत नसल्याने इंजिन डावी-उजवीकडे डोलतं. दोघांत पाऊण फेऱ्याचं, म्हणजे २७० अंशांचं अंतर ठेवलं, तर सेकंडरी धक्के एकमेकांना संपवतात. जुन्या यामाहा एक्सएस ६५०वर हौशी लोक हा बदल करून घेतात आणि त्यात २७७ हा विचित्र आकडा येतो. कारण साधं आहे. तिच्या क्रँकच्या मधल्या जोडाला १३ दाते असतात. एक दाता म्हणजे २७.७ अंश, आणि तीन दाते सरकवले की दोन्ही पिस्टन एकत्र हलवणाऱ्या मूळ ३६० अंशांचे २७७ होतात. अर्थात त्यासाठी कॅमशाफ्ट आणि इग्निशनही बदलावं लागतं, त्यामुळे हे शनिवार-रविवारचं काम नव्हे.

बीएमडब्ल्यूने १९२३च्या आर ३२मध्ये दोन पिस्टन समोरासमोर ठेवले. दोघे एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात, त्यामुळे हादरा मुळातच थोडा. १९६९च्या होंडा सीबी ७५०मध्ये चार सिलिंडर एका ओळीत आले आणि प्रायमरी धक्के पूर्ण संपले, पण चौघांचे सेकंडरी धक्के एकमेकांत मिळून वाढतात. म्हणून जुन्या चार सिलिंडरच्या गाड्या धडधडत नाहीत, वरच्या वेगाला झिणझिणतात. यामाहाने १९७२मध्ये टीएक्स ७५०च्या इंजिनात तोलासाठी वेगळे फिरणारे दांडे घातले. आज ही युक्ती नेहमीची झाली आहे.

नॉर्टनने हादरा काढला नाही, वेगळा ठेवला

१९६७मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडोबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण रबराचा उपयोग कसा होतो आणि कसा होत नाही हे तिच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कोणत्या गाडीत दिसत नाही. नॉर्टनचं ७५० सीसीचं ट्विन इंजिन फार हलायचं. डॉ. स्टेफान बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी इंजिनाचा तोल सुधारण्याच्या मागे न लागता इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म एकाच गठ्ठ्यात बांधले आणि तो गठ्ठा रबरांवर फ्रेमला टांगला. चेनचे दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं, त्याच गठ्ठ्यात असल्याने इंजिन हललं तरी चेनची रेष बिघडत नाही. माणूस, हँडल आणि पुढचं चाक रबराच्या पलीकडे, फ्रेमवर. या पद्धतीला त्यांनी आयसोलॅस्टिक हे नाव दिलं.

कमांडो उभी करून चालू ठेवली, तर इंजिन डोळ्यांना दिसेल इतकं नाचतं. वेग वाढला की चालवणाऱ्याला ते जाणवेनासं होतं. हे उलटं कसं? रबरावर टांगलेल्या कोणत्याही वजनाची स्वतःची एक लय असते, पाळण्याची असते तशी. हादऱ्याची लय त्या लयीशी जुळली तर हादरा कमी न होता वाढतो. हादऱ्याची लय रबराच्या लयीच्या साधारण १.४ पटीच्या पुढे गेली, की तिथून पुढे रबर खऱ्या अर्थाने हादरा अडवायला लागतं. म्हणजे रबर इतकं मऊ हवं, की त्याची लय आपल्या नेहमीच्या आरपीएमच्या बरीच खाली राहील. कडक रबर नुसतं बसवून भागत नाही. ते जुळणी चुकीच्या जागी आणून ठेवू शकतं.

मऊ रबराची दुसरी बाजू अशी की गाडी वळणावर लटलटेल. म्हणून कमांडोत इंजिनाला वर-खाली आणि मागे-पुढे हलू देतात, पण आडवं सरकण्याला पातळ पत्र्यांनी मोजून जागा ठेवतात. मूळ आकडा सुमारे ०.२५ मिमी. ही फट झिजेने वाढली की गाडी रस्त्यावर सैल वाटते, आणि कुणी ती अजिबात ठेवली नाही तर सगळा हादरा फ्रेममध्ये उतरतो. १९७५च्या मार्क ३मध्ये पत्रे बदलण्याऐवजी आट्यांनी जुळवता येणारी सोय आली.

यातून एक सावधगिरीची गोष्ट निघते. ज्या गाडीचं इंजिन फ्रेमला घट्ट बसवलेलं आहे, तिच्यात इंजिनही सांगाड्याचाच भाग म्हणून ताण घेत असतं. तिथे आपल्या मनाने इंजिनाखाली रबर घालू नका. फ्रेम लवचीक होते, चेन सरकते, वळणावर गाडीचा भरवसा जातो, आणि फ्रेमच्या जोडांना तडे जायची वेळ येते.

आधी नाडी, मग औषध

हादरा कुठून येतो हे रस्त्यावरच बऱ्यापैकी कळतं. एकाच वेगाने, म्हणजे समजा ताशी ५५ने, एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवा. गिअर बदलताच हादऱ्याची जात बदलली, तर तो इंजिनाचा. बदलली नाही, तर तो चाकं, टायर किंवा चेनचा. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्लच दाबून इंजिन आयडलला येऊ द्या. गाडी घरंगळत असतानाही हादरा तसाच राहिला, तर इंजिनाला बोल लावू नका.

हाताला जाणवणारी लयही ओळख सांगते. १९ इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण दोन मीटर असतो. ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला अकरा वेळा फिरतं, म्हणून वाकडी रिम किंवा फुगलेला टायर हँडलला धप-धप असा मोजता येण्याजोगा धक्का देतो. ३५०० आरपीएमचं इंजिन सेकंदाला ५८ वेळा हलवतं, ते मोजता येत नाही, नुसतं झिणझिणतं.

आणखी एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आरपीएम अगदी हळू वाढवत न्या आणि एकेका भागावर बोटं टेकवा: हँडल, फूटरेस्ट, टाकी, मडगार्ड, सायलेन्सर. ठरावीक आरपीएमला एखादाच भाग वेड्यासारखा थरथरत असेल आणि बाकीचे शांत असतील, तर त्या भागाची लय तिथे जुळते आहे किंवा त्याचा आधार सैल झाला आहे. चाक, चेन, बेल्टजवळ हात नेऊ नका, आणि सायलेन्सर तापायच्या आधी हे उरकून घ्या.

जडलेलं काढताना

सुरुवात इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टांपासून करा. नुसता पान्हा लावून ‘घट्ट आहेत’ म्हणणं पुरेसं नाही. सगळे बोल्ट एकदा ढिले करा, इंजिन आपल्या जागी बसू द्या, आणि इंजिनाचे कान व फ्रेमच्या पट्ट्या यांच्यात फट राहते का ते फीलर गेजने बघा. फट असेल तर तिथे मापाचा वॉशर घाला. बोल्ट आवळून फ्रेमच्या पट्ट्या ओढून घेतल्या, तर फ्रेम कायमच्या ताणात राहते आणि तीच तार ताणल्यासारखी वाजते. मग खालचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि हेड स्टेडी सर्वात शेवटी. सायलेन्सरचंही असंच. आधी सगळे क्लॅम्प सैल ठेवून पाइप बसवा, मग इंजिनाकडून मागे आवळत या. ओढून बसवलेला पाइप हादरा थेट फ्रेममध्ये नेतो आणि शेवटी स्वतः तडकतो.

बोल्ट काढलेलेच असतील तर भोकं बघा. गोल भोक लांबट झालं असेल, तर बोल्ट कितीही आवळा, इंजिन आत खेळणार.

इग्निशन टायमिंग पुढे सरकलं असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर इंजिन खडखडीत, टोचणारं चालतं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट वाढली की टायमिंगही पुढे जातं, म्हणून आधी फट आणि नंतर टायमिंग हा क्रम सोडू नका. वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणाऱ्या, फिरत्या वजनांवर चालणाऱ्या ॲडव्हान्स यंत्रणेच्या स्प्रिंगा सैल पडल्या असतील, तर टायमिंग कमी आरपीएमलाच पुढे जातं आणि खालच्या वेगातला गोडवा जातो. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोघांची जुळणी करा. एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता बरोबर येतो, अशी गाडी कधीच सुरळीत चालत नाही.

चेन एकाच जागी ताणून बघू नका. मागचं चाक पूर्ण फिरवा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल, तर ती असमान झिजली आहे आणि दर फेऱ्याला ओढ देते. स्पोक, रिम, चाकांचे बेअरिंग, टायर हे नेहमीचंच, फक्त विसरायचं नाही.

आता इंजिन उघडलं असेल तर त्याबद्दल. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला की बहुतेक जण माप बघतात, वजन बघत नाहीत. जुना पिस्टन पिन आणि रिंगांसकट आणि नवाही तसाच काट्यावर ठेवा. वरच्या हिशेबात अर्ध्या किलोचे ४०० किलो होत होते. मग ५० ग्रॅम जास्त म्हणजे ४००० आरपीएमला ४० किलोचा वाढीव धक्का, सेकंदाला ६६ वेळा. दोन सिलिंडरमध्ये तर दोन्ही पिस्टन एकमेकांशी एक-दोन ग्रॅममध्ये जुळलेच पाहिजेत. फरक असेल तर पिस्टनच्या आतल्या, ताण नसलेल्या जागेतून धातू काढून वजन जुळवतात. हे जाणकारानेच करावं. बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, बदलताना क्रँकची चाकं वेगळी होतात. पुन्हा दाबून जोडल्यावर ती डायल गेजवर सरळ करून घेतली नाहीत, तर दोन्ही शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. नवं बिग एंड घातल्यापासून गाडी जास्त हलते, ही तक्रार ऐकली की मी आधी याचाच विचार करतो.

उरलेल्याशी जुळवून घेताना

इथपर्यंत सगळं केल्यावर जे उरतं ते जन्माचं. आता हँडलच्या टोकांच्या वजनांची पाळी. ती हादरा शोषत नाहीत. हँडलची लय खाली आणतात. म्हणजे ३८०० आरपीएमला येणारी झिणझिण ३४००वर सरकू शकते, आणि तुमचा आवडता वेग नेमका तिथेच असेल, तर तुम्ही पैसे देऊन त्रास विकत घेतलात. आधी तात्पुरतं वजन बांधून चालवून बघा. पोकळ हँडलमध्ये शिशाचे छर्रे भरल्यावर ते एकमेकांवर घासतात आणि थरथरीतला थोडा जोर खरोखर खातात, त्यामुळे मला तो उपाय नुसत्या वजनापेक्षा जास्त पटतो. हँडलचे रबरी बुश आणि फूटरेस्टची रबरं वर्षानुवर्षांत लाकडासारखी होतात. ती बदलणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

गिअरिंगचा विचार जरूर करा. पुढचा स्प्रॉकेट १७ दात्यांऐवजी १८चा घातला, तर त्याच वेगाला आरपीएम साडेपाच टक्क्यांनी कमी होतात आणि धक्क्याचा जोर ११ टक्क्यांनी, कारण तो वर्गाने उतरतो. चढावर मात्र गिअर लवकर खाली घ्यावा लागेल, आणि फार लांब गिअरिंग केलं तर इंजिन कमी आरपीएमला ओझ्याखाली धक्के देऊ लागतं. एका दात्यापलीकडे जायची घाई नको.

हे सगळं केवळ सोयीसाठी नाही. थरथरणारी यंत्रं हाताळणाऱ्या कामगारांच्या बोटांतला रक्तप्रवाह बिघडतो, बोटं पांढरी पडतात, हे वैद्यकात पक्कं नोंदलेलं आहे. युरोपीय संघाने २००२च्या निर्देशात कामगारांच्या हातांना पोहोचणाऱ्या कंपनावर मर्यादाच घातली आहे. लांब प्रवासात दर तासाने उतरा, हात मोकळे करा, ग्रिप आवळून धरू नका. आणि हँडलला फोन लावत असाल, तर ॲपलने २०२१मध्ये दिलेला इशारा लक्षात ठेवा: जोरदार इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्याची प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते.

काम संपवून गाडी बाहेर काढलीत, की पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना फाउंडेशन बोल्ट, हेड स्टेडी आणि सायलेन्सरचे क्लॅम्प पुन्हा टॉर्कवर तपासा. नवे वॉशर आणि पट्ट्या तोवर बसलेल्या असतात, आणि पान्हा हमखास थोडा फिरतो.